पिशवीतला लोहचुंबक

मी बोलतोय, जळकोटच्या सिद्धाराम रंगाऱ्यांच्या घरचा लोहचुंबक. पावडरीचं कौतुक ऐकून कान किटले असतील, तर जरा माझंही ऐका.

पूर्वी मी लग्नाच्या मांडवातल्या कर्ण्यात होतो. माझ्या जिवावर वरातीत माणसं नाचायची. कर्णा फुटला आणि सिद्धारामांच्या मुलीनं, शिवकन्येनं, मला भंगारातून उचललं. वाटलं, दिवस पालटले. कसलं काय! मी हवा होतो तो दुसरीसाठी.

सिद्धाराम बैलांच्या आणि ट्रकांच्या गोंड्यांचं सूत रंगवतात. रंगाच्या कढईचं पाणी जमिनीत झिरपून शेजारच्या नागप्पांची विहीर गुलाबी झाली. नागप्पांनी सरळ सांगितलं, "ह्या पान्याच्या दोन बादल्या माझ्या डोळ्यांदेखत साफ करून दाखवा. न्हाय जमलं तर कढई बंद."

शिवकन्येनं कॉलेजात काळी पावडर बनवली होती, मूठभरच. ती गुलाबी पाण्यात टाकून उन्हात ढवळली की पाणी नितळ. मग मला प्लास्टिकच्या पिशवीत घालून बुडवायचं. पावडरीच्या पोटात लोखंड आहे, ती धावत येऊन पिशवीला चिकटते. मला पिशवीतून काढलं की अलगद वाटीत पडते, पुन्हा कामाला तयार. येते माझ्या ओढीनं, आणि आमच्यात कायम पिशवी! शिवाय बघणारे म्हणणार, "काय पावडर हाय हो!" माझा नुसता जळफळाट व्हायचा.

खंडेनवमीला हत्यारांची पूजा झाली. कढईला हळदकुंकू, पावडरीच्या वाटीवर झेंडू. मी कोपऱ्यात. तेवढ्यात शिवकन्येच्या आईचं, द्वारकाबाईंचं, लक्ष गेलं. "अगं बाई, ह्यो राह्यला की!" म्हणत त्यांनी मला पिशवीतून काढलं, पुसलं, कुंकू लावलं. जन्मात पहिल्यांदा मान मिळाला. पिशवी मात्र केरात गेली.

दसऱ्यानंतर नागप्पा आले. पहिली बादली नितळ झाली. सिद्धारामांनी घाईघाईनं मला तसाच उघडा बुडवला. पावडर सगळीच्या सगळी माझ्या अंगाला बिलगली. खरं सांगतो, मी घट्ट धरली. त्यांनी घासलं, खरवडलं. सोडतोय कशाला!

"आप्पा, पिशवी कुठंय?" शिवकन्या वडलांवर ओरडली.

"म्याच टाकली गं," द्वारकाबाई म्हणाल्या. त्यांचा चेहरा उतरला.

दुसरी बादली तशीच गुलाबी, आणि तिच्यात टाकायला चिमूटभरही पावडर सुटी नव्हती. सिद्धाराम कढईशेजारी मटकन खाली बसले. तेव्हा मला माझीच लाज वाटली, पण आता सोडणं माझ्या हातात नव्हतं.

शिवकन्येनं मला दोरी बांधली आणि पावडरीसकट दुसऱ्या बादलीत सोडलं.

"ह्यानं काय होतंय?" नागप्पा म्हणाले.

"येळ लागंल, काका. बसा."

ऊन उतरेपर्यंत ती मला पाण्यात फिरवत राहिली. मग नागप्पांनी वाकून बघितलं. बादलीचा तळ दिसत होता.

"ऱ्हाऊ द्या कढई," ते म्हणाले. "पन पानी साफ केल्याबिगर सोडायचं न्हाय."

आता मी रोज असाच दोरीला बांधून उतरतो. पिशवी गेली, पावडर माझी झाली. पण अशी चिकटलीय की माझं तोंडच झाकलंय. कुंकू तर केव्हाच धुऊन गेलं. काल गावातली माणसं बघायला आली, मला उचलून एकमेकांना दाखवत म्हणाली, "हीच ती पावडर!"

अहो, आत मी आहे हो!