एक तृतीयांश, एक नवमांश आणि पुढे

धुळ्याच्या गणिताच्या चर्चासत्रात शेवटचं व्याख्यान डिंपल भंगाळेचं होतं. डिंपल बोदवडची. घरी कापूस, आई बेबाबाई शेतात राबणारी. जळगावला विधी बोथरा मॅडमच्या हाताखाली ती चार वर्षं पीएच.डी. करत होती. विषय होता बीजगणितातला, लोकल रिंगवरच्या मॉड्यूलची रचना.

समोर पहिल्या रांगेत विधी मॅडम आणि बाहेरगावचे प्रेमराज सर बसले होते. या विषयातला सरांचा शब्द शेवटचा मानला जाई.

डिंपलने सुरुवात साधी केली. "तीनने भाग जाणार नाही असा छेद असलेले सगळे अपूर्णांक घ्या. त्यांची बेरीज-गुणाकार करूनही आपण त्यांच्यातच राहतो, म्हणून ही रिंग. इथे भागायला अडथळा एकच, तीन, म्हणून लोकल. अशा रिंगवर मॉड्यूल म्हणजे एक मोठी इमारत. तिच्यातलं जे तीनच्या पटीत आहे ते शून्य मानलं की मागे एक लहानशी सावली उरते. सावली उभी करायला जेवढे घटक लागतात, तेवढ्यांवर अख्खी इमारत उभी राहते."

मागच्या बाकांवरच्या एम.एस्सी.च्या मुलीसुद्धा माना डोलवत होत्या. हा नियम जुना. मोजक्या घटकांतून बनलेल्या मॉड्यूलपुरता. डिंपलचं म्हणणं, एकात एक बसणाऱ्या मॉड्यूलची न संपणारी साखळी घेतली, तरी त्या सगळ्यांना एकत्र करून होणाऱ्या संयोगालाही तो लागू पडतो. फळा भरत आला. प्रेमराज सर हसून म्हणाले, "सुंदर!"

आणि डिंपलचा खडू थांबला.

ती स्वतःच्याच ओळीकडे बघत राहिली. मग वळली. "सर, ही पायरी बरोबर नाही. प्रत्येक तुकडा मोजक्या घटकांचा आहे, पण त्यांचा संयोग तसा असेलच असं नाही. मी ते गृहीत धरलं होतं."

सभागृहात चुळबुळ झाली. ती ओळ विधी मॅडमनी आधी दोनदा तपासली होती. त्या उठून उभ्या राहिल्या. "नजरचूक माझीही आहे. पण डिंपल, सिद्धताच अपुरी आहे, की विधानच खोटं आहे?"

डिंपलने फळ्याचा कोपरा पुसला. एक तृतीयांश लिहिला, खाली एक नवमांश, त्याखाली एक सत्तावीसांश. "ही साखळी घ्या. प्रत्येक पायरीवर इमारतीला एकच घटक पुरतो, आणि सावलीलाही एकच. पण सगळ्या पायऱ्या एकत्र केल्या, तर एक तृतीयांश हा एक नवमांशाची तिप्पट, तो पुढच्याची तिप्पट. सगळंच तीनच्या पटीत. म्हणजे सावली शून्य. नियमाने इमारतही शून्य हवी, आणि ती तर जागेवर आहे. विधान खोटं आहे, मॅडम."

प्रेमराज सरांनी टाळी वाजवली.

जळगावच्या बसमध्ये पारोळ्याजवळ डिंपल म्हणाली, "चार वर्षं गेली, मॅडम."

"गेली कुठे?" विधी मॅडम म्हणाल्या. "नियम कुठे मोडतो ते कळलं. आता कुठे टिकतो ते शोध. मोठमोठ्या लोकांना मी फळ्यापुढे चूक दडपून पुढे जाताना पाहिलंय. कुणाच्या लक्षात आलं नव्हतं, तरी तू थांबलीस. अशी विद्यार्थिनी मला पुन्हा मिळायची नाही."

रात्री फोनवर बेबाबाईने विचारलं, "कसं झालं वो माय?"

"चुकलं, आई."

"मंग नीट कर."

ती नीट करत राहिली. कसल्या साखळ्यांत नियम टिकतो याची अट सापडायला आणखी दीड वर्ष लागलं. ती अट पहिल्या विधानापेक्षा कितीतरी देखणी निघाली.

तोंडी परीक्षेला परीक्षक म्हणून प्रेमराज सरच आले. बेबाबाई नवं लुगडं नेसून मागे बसली होती. सगळे प्रश्न संपल्यावर सर म्हणाले, "तुमची अट मला पटली. पण रिंगमधल्या गुणाकाराचा क्रम उलटा केल्यावर उत्तर बदलत असेल, तर काय?"

डिंपल म्हणाली, "मला माहीत नाही, सर."

"मलाही नाही," असं म्हणून सर खुर्चीवरून उठले आणि त्यांनी दुसरा खडू उचलला. दोघं फळ्यापाशी उभी राहून भांडल्यासारखी बोलू लागली. कपातल्या चहावर साय धरली. विधी मॅडमनी दोनदा आठवण करून दिली की निकाल जाहीर करायचा राहिलाय. दोघांपैकी एकालाही ते ऐकू गेलं नाही.