कामिनीची पाचवी शाल

शिंदखेड्याच्या कामिनीकडे चार शाली होत्या. दर डिसेंबरात दिव्यांग दिन आला की कुणीतरी तिला स्टेजवर बसवी, शाल-नारळ हातात देई आणि तिच्या जिद्दीवर भरभरून बोलून जेवायला जाई. नारळ चटणीला लागत. शाली वडिलांच्या, गिरधरभाऊंच्या, दुकानात दुरुस्तीला आलेल्या पंपांच्या मोटारींवर धूळ बसू नये म्हणून पडत. मोटार जळाली की तीत नवी तार भरावी ती कामिनीनंच. तालुक्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. पाय तेवढा जन्मापासून अधू, काखेत कुबडी. तिला हवं होतं धुळ्याच्या प्रशिक्षण केंद्राचं प्रमाणपत्र. त्याशिवाय कारखानेवाले दारात उभं करत नव्हते.

केंद्राचे प्रमुख भूपेंद्र सर दोन वर्षं तिचा प्रवेशाचा अर्ज परत करत होते. "ताई, मोटार भरणं हे उभ्यानं करायचं काम. तुम्ही आपल्या मेणबत्त्या करा." आणि दिव्यांगांच्या राखीव जागेपुढे दरसाल शेरा पडे, 'उमेदवार मिळाला नाही'. लाज म्हणून नाही कुणाला!

यंदा केंद्राला रॅम्प झाला. उद्घाटनाला पाहुणे आले, बँड आला, फीत बांधून झाली, आणि मग कुणाच्या तरी ध्यानात आलं की रॅम्पवरून चढायला दिव्यांग माणूसच नाही. सरांनी स्वतः कामिनीला फोन लावून गाडी पाठवली.

कामिनी आली, निम्मा रॅम्प चढली आणि फितीच्या अलीकडे फतकल मारून बसली. पिशवीतून अर्ज काढला.

"सर, पहिले सही करा. मंग फोटो."

"अहो ताई, पाहुणे खोळंबलेत!"

"मी ते दोन वर्सपाईन खोयंबेल शे."

कॅमेरे तिच्याकडे वळले. सरांनी घाम पुसत कठड्यावर कागद टेकवून सही ठोकली. मग फीत कापली गेली, टाळ्या झाल्या आणि कामिनीच्या खांद्यावर पाचवी शाल पडली.

सोमवारी कळलं, वर्ग वरच्या मजल्यावर आहे आणि रॅम्प ओट्यापाशीच संपतो. बावीस पायऱ्या ती बसून, एकेक करत चढली. वर भूपेंद्र सर खुर्चीत रेलून शिकवत होते. पोरं स्टुलांवर बसून तार भरत होती. उभं कुणीच नव्हतं.

"सर, हाई ते उभ्यानं करानं काम व्हतं ना? मंग बठ्ठा बठेल का शेतस?"

सरांनी हजेरीच्या वहीत डोकं घातलं. कामिनीनं पाचव्या शालीची घडी स्टुलावर टाकली, तिच्यावर बसली आणि तार हातात घेतली.