वाकलेली पिन

पुतणीच्या पोहण्याच्या शर्यतीची वेळ जवळ येत होती आणि गाडी दारातच अडली होती. इंजिन ठणठणीत होतं. रुसली होती ती चालकाची सीट. सहा फुटी काकांच्या मापाने पार मागे गेलेली, बटण दाबलं तरी ढिम्म. आणि गाडी चालवायची होती बुटक्या आत्याला. तिचा पाय ब्रेकच्या अलीकडेच लोंबकळत होता. काकांच्या डोळ्यांत डॉक्टरांनी सकाळीच औषध घातलेलं. त्यांना सगळं जग धूसर दिसत होतं.

"दादा, काल सीटखाली काय उद्योग केलास?" आत्याने काकांना विचारलं.

"झाडत होतो. एक वायर निघाली. परत बसेना, मग दिली दाबून!"

"झालं! दाखवलीस पैलवानी."

पोहण्याचा पोशाख चढवून बसलेली पुतणी तोवर सीटखाली शिरलीसुद्धा.

"थांब!" आत्याने आधी बॅटरीची तार काढली, जरा वेळ जाऊ दिला. "वायरींच्या पिवळ्या जोडाला हात नाही लावायचा, तो एअरबॅगचा. काळा बघ. कडी दाब आणि जोड धरून ओढ, वायर नाही."

काळा जोड सुटला. आत बारीक पिनांची रांग.

"आत्या, एक आडवी पडलीये!"

आत्याने चिमटा उचलला आणि पोरीपुढे धरला. "पोहणार तू, आणि धडधडतंय मला! तूच घे."

"मोडली तर?"

"तर शर्यत विसरायची. म्हणून घाई नको. केसांतला गुंता सोडवतेस ना, तसं. जराशी उचल. थांब. पुन्हा जराशी."

पोरीची बोटं शहाण्यासारखी वागली. पिन सरळ उभी राहिली!

"आता हा कंगोरा त्या खाचेसमोर आण. दाब, आणि कान दे."

टक्!

"दादा, काल हा आवाज आला होता?"

"मला धाडकन ऐकू आला होता."

बॅटरी जोडली. आत्याने बटण दाबलं. घूंऽऽ करत सीट पुढे निघाली आणि आत्याचा पाय ब्रेकवर टेकला. पोरीने अशी आरोळी ठोकली की काका दचकलेच. आत्याने लगेच सीटची ही जागा एक नंबरच्या बटणावर साठवून टाकली, म्हणजे ते दाबताच सीट आपोआप तिथे येईल.

"अगं, एक नंबर माझा होता!"

"होता. दांडगाई करणाऱ्याला दोन."

"आणि मला तीन?" पुतणीने पट्टा लावत विचारलं.

"पाय पोचू देत, मग देते," आत्या म्हणाली, आणि गाडी फाटकाबाहेर पडली.