बारापर्यंत मोजता येणारा मुलगा

ल्युबचोने भाड्याने आणलेली लांबलचक पांढरी गाडी गल्लीच्या वळणावर अडकली, तेव्हा त्याच्या बहिणीला, नेवेनाला, मनापासून बरं वाटलं. गाडीचं नाक लिंडनच्या झाडाला टेकलं होतं, शेपूट शेजारच्या दाचकाच्या कुंपणात घुसलं होतं, आणि ड्रायव्हर खाली उतरून दोन्ही टोकांना आळीपाळीने शिव्या देत होता.

"आणण्याआधी माप घेतलं नव्हतंस का रे?" तिने भावाला विचारलं.

"ताई, आजच्या दिवशी तरी गणित शिकवू नकोस," ल्युबचो म्हणाला. कपाळावरचा घाम त्याने ज्या रुमालाने पुसला, तो खरं तर कोटाच्या खिशात नुसता दाखवायला ठेवलेला होता.

आजचा दिवस म्हणजे मुलाच्या निरोपाचा. डॅन्यूबकाठच्या या गावात पोरं बारावी झाली की संध्याकाळी नदीवरच्या हॉटेलात त्यांचा नाच असतो. पण तो पोरांचा. आईबापांचा नाच त्याआधी अंगणात होतो. कोकरू भाजायचं, पितळी बाजावाले बोलवायचे, सतरा ठिकाणचे नातेवाईक गोळा करायचे आणि पोराला दारातून असं बाहेर काढायचं, की जणू त्याच्या नावाचा पुतळाच उद्या चौकात बसणार आहे. लग्न काय, माणूस दोनदाही करतो, बारावी मात्र एकदाच होते, असं ल्युबचो आठवडाभर सगळ्यांना सांगत होता. त्याच्या मोमचिलच्या बाबतीत नेमकं याच्या उलटं होण्याची पाळी आली होती, हे अंगणात फक्त पाच जणांना ठाऊक होतं. मोमचिलला, त्याच्या आईबापांना, आजीला आणि नेवेनाला. कारण त्याला गणितात दोन देणारी बाई नेवेनाच होती.

इकडे सहा म्हणजे उत्तम, तीन म्हणजे काठावर आणि दोन म्हणजे नापास. नेवेना गावातल्या शाळेत इतकी वर्षं गणित शिकवत आली होती, की आता तिच्या हातून नापास झालेल्यांची मुलंही तिच्या हातून नापास होऊ लागली होती. पोरं पाठीमागे तिला 'दोनबाई' म्हणत. तिला ते कळत होतं आणि आवडतही होतं. पालक भेटायला येत, मुलगा किती हळवा आहे ते सांगत, टेबलावर मधाची बरणी ठेवत. ती बरणी परत त्यांच्या हातात देताना नेवेनाच्या चेहऱ्यावर जे हसू येई, ते बघून पुढच्या वर्षी कोणी मध आणत नसे. आपल्यासारखे आपणच, असं तिचं स्वतःविषयी मत होतं, आणि ते तिने लपवून ठेवलं नव्हतं.

आणि आज सकाळी फोनवर ती म्हणाली होती, "बरं. तीन."

गेले तीन आठवडे वेढाच पडला होता. आधी ल्युबचो आला, मग त्याची बायको गिंका रडून गेली. मग दोघांनी मिळून म्हाताऱ्या आईला पुढे केलं, आणि आईने नातवाच्या काळजीने गोळ्या घेणं सोडलं. गोळ्या गिंकाच्याच ताब्यात होत्या, तेव्हा त्या कोणी सोडल्या याचा नेवेनाला दाट संशय होता. पण आईचा रक्तदाब काही संशयावर उतरत नाही. सोमवारी शाळेच्या बैठकीत गुण कायम व्हायचे होते. नेवेनाने अट एकच घातली: पोराला सांगायचं नाही. निदान तोवर तरी त्याला भीती वाटू दे. गिंकाने इतक्या चटकन होकार दिला, की अट नीट ऐकलीही नसावी.

आता नेवेना भाजलेल्या कोकराच्या वासात, अंगणातल्या टेबलाशी बसली होती. दोनाचे तीन करायला सेकंदही लागत नाही. पण आजवर परत केलेल्या सगळ्या मधाच्या बरण्या एकदम घशात आल्यासारखं तिला वाटत होतं.

"माझ्या मोमचिलने उभ्या आयुष्यात मला उलट उत्तर दिलेलं नाही," गिंका शेजारच्या दाचकाला सांगत होती.

उलट उत्तर द्यायला आधी उत्तर यावं लागतं, असं नेवेनाच्या मनात आलं.

"माझी देसी तर पियानोही वाजवते," दाचका म्हणाली. तिचं कुंपण मोडलं होतं, पण त्या गाडीपुढे गल्लीत कोणाला दुसरं काही दिसत नव्हतं, हे तिला त्याहून जास्त लागलं होतं. "सगळ्या विषयांत सहा. मी कधी अभ्यासाला बस म्हणून सांगितलं नाही हो."

"गुण काय, आज आहेत उद्या नाहीत," गिंका म्हणाली. "मी आपली संस्कारांकडे लक्ष देते. खोटं म्हणून बोलत नाही पोरगा. तीन वर्षांचा होता, फुलदाणी फुटली, तर आपण होऊन आला की हो माझ्याकडे सांगायला!"

"काय सांगायला आला होता?" नेवेनाने विचारलं.

"काय म्हणजे?"

"मांजराने फोडली म्हणून सांगायला आला होता. मी होते तिथे."

"वन्सं, तुम्ही पण ना," गिंका हसली आणि दाचकाच्या ताटात कोकराचा मोठा तुकडा वाढला, म्हणजे तिचं तोंड भरलेलं राहील.

आपला तो बाब्या, नेवेना मनात म्हणाली. टेबलाभोवती नजर टाकली तर सगळीकडे बाब्याच बाब्या. एकीचा बाब्या म्हाताऱ्यांना बसायला जागा देतो, दुसरीचा ताट स्वतः उचलतो, तिसरीच्या बाब्याने भिकाऱ्याला आपला पाव दिला होता, आणि ही गोष्ट आई दहा वर्षं सांगत होती, म्हणजे त्यानंतर दुसरा पाव दिला नसणार. पोरं मोठी होतात तशी त्यांच्या चांगुलपणाची गोष्ट मात्र तेवढीच लहान राहते.

"आला, आला!" कोणीतरी ओरडलं. ढोलवाल्या सेत्सोने ढोलावर काठी मारली आणि बाजा सुरू झाला.

मोमचिल दारात उभा राहिला. निळा चकचकीत सूट, टोकदार बूट, डोक्याला इतकं तेल की माशी बसली असती तर घसरली असती. उंबऱ्यासमोर आजीने पाण्याने भरलेलं तांब्याचं मेंचे, म्हणजे छोटीशी कळशी, ठेवलं होतं, वर जिरेनियमचं फूल. ते उजव्या पायाने लाथाडायचं, पाणी जितकं लांब जाईल तितकं नशीब लांब. नेवेनाला त्याच्या चेहऱ्याकडे बघून आश्चर्य वाटलं. पोरगं हसत नव्हतं. या पोराला विचार करताना तिने आजवर पाहिलं नव्हतं, त्यामुळे ते काय करतंय हे तिला पटकन ओळखता आलं नाही.

त्याने लाथ मारली. मेंचे ठणठणत अंगणभर गेलं, पाणी थेट ल्युबचोच्या विजारीवर उडालं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. आणि मग मोजणी सुरू झाली. दर इयत्तेचा एक आकडा, पोराने ओरडायचा आणि गल्लीने मागून.

"एक!" मोमचिल ओरडला.

"एक!" गल्ली ओरडली.

"दोन!" तेव्हा त्याने नेवेनाकडे बघितलं. तीन, चार, पाच. सातपर्यंत येताना ल्युबचो खुर्चीवर चढला होता. नवाला गिंकाचे डोळे भरून आले. दहाला ड्रायव्हरही मोजू लागला.

"अकरा!"

"अकरा!"

आणि पुढे काही नाही.

ढोल सवयीने एकदा वाजला आणि ओशाळून थांबला.

"बारा!" गिंका खालून फुसफुसली. "बाळा, बारा!"

"बारा नाही, आई," मोमचिल म्हणाला. "अकराच. मला गणितात दोन आहेत. बारावी झालेली नाही माझी."

क्षणभराने सगळे हसले. "नाटक्या आहे!" ल्युबचो खुर्चीवरून म्हणाला, पण त्याचा आवाज खुर्चीइतकाच डगमगत होता. "म्हण रे बारा! ओरडायला काय जातं?"

"सगळे तेच म्हणताय महिनाभर. काय जातं, काय जातं." पोराचे कान लालबुंद झाले होते. "आत्याला विचारा. या घरात मला खरं तेवढंच एक माणूस बोललं. तिने दोन दिले आणि बरोबर दिले. पेपर कोराच होता माझा."

सगळ्या माना नेवेनाकडे वळल्या. दाचकाच्या डोळ्यांत तर दिवाच लागला. नेवेनाने आयुष्यात कधी कोणाकडून कौतुक मागितलं नव्हतं. आज ते न मागता, भर अंगणात, अगदी चुकीच्या दिवशी आलं. खाली बघावं तर मेंच्यातलं सांडलेलं पाणी तिच्या बुटांपर्यंत आलं होतं. गप्प राहिलं तर निभावेल, असं तिला वाटलं. सोमवारी बघू. गप्पच तर राहायचंय.

पण गप्प राहणं हे ल्युबचोच्या रक्तात नव्हतं.

"गाढवा!" तो ओरडला. "तीन आहेत तुला! आत्याने सकाळीच केलेत! फोनवर! विचार तिला! पास आहेस तू, पास! ओरड बारा!"

गिंकाने त्याच्या ओल्या विजारीवरून मांडीला चिमटा काढला, पण वेळ टळून गेली होती. कोकराची चरबी निखाऱ्यावर पडलेली सगळ्या अंगणाला ऐकू आली.

"बाई," ढोलवाला सेत्सो म्हणाला. तो काही रागाने बोलला नाही, नुसती चौकशी केल्यासारखं बोलला. "मला तुम्ही दोन दिले होते. मी वर्षभर घरी बसलो. माझी आई पण आली होती तुमच्याकडे."

नेवेनाला ती आई आठवली. बरणीही आठवली.

"खरं आहे, आत्या?" मोमचिलने विचारलं.

"नाही म्हण गं," शेजारी बसलेली म्हातारी आई तिची बाही ओढत पुटपुटली. "नाही म्हण आणि सुटून जा."

हे मात्र आईने फार वाईट केलं. कारण नेवेनाच्या ओठांवर 'नाही' आलंच होतं. ते आईच्या तोंडून ऐकल्यावर इतकं घाणेरडं वाटलं, की ते तिने गिळलं.

"खरं आहे," ती म्हणाली. "सकाळी तीन म्हटलं मी. सेत्सो, तुझ्या आईला नाही म्हटलं होतं आणि माझ्या आईला हो म्हटलं. सोमवारी दोनच लिहीन."

"वन्सं!" गिंकाने हंबरडाच फोडला. "पोराच्या आयुष्याचे बारा वाजवलेत हो!"

"बारा कुठे, गिंका," नेवेना म्हणाली. "अकराच."

कोणीतरी फिसकन हसलं. बहुतेक सेत्सो. मग सगळे हसले, आणि पोटात भूक होतीच, त्यामुळे प्रामाणिकपणाचा विषय पहिल्या दोन घासांतच संपला. बाजा पुन्हा सुरू झाला. मोमचिलला नाचाला जायचं होतं, आणि गल्लीतून बाहेर पडायला वाट एकच, ती त्या गाडीने बुजवली होती. तेव्हा तो गाडीच्या एका दारातून आत शिरला, गुलाबी गाद्यांवरून गुडघ्यांवर चालत दुसऱ्या दारातून बाहेर पडला आणि नदीकडे चालता झाला. त्याच्यामागून दाचकाची देसीही तशीच गेली, झगा दोन्ही हातांनी वर धरून. ड्रायव्हरने दोघांसाठी अदबीने दार उघडून धरलं. तेवढंच त्याचं त्या दिवसाचं काम झालं.

दुसऱ्या दिवशी सकाळी नेवेना पाव आणायला गेली, तर बेकरीच्या रांगेत तिच्या पुढे गिंका. डोळे सुजलेले असतील, असं नेवेनाला वाटलं होतं. पण गिंकाने केस सेट केले होते.

"सगळ्या गल्लीसमोर हो!" ती बेकरीवालीला सांगत होती. "अठरा वर्षांचं पोर, सूट घालून उभं, आणि सरळ म्हणालं, मी नापास आहे! आहे का कुठल्या पोराची छाती? माझ्या तर अंगावर काटा आला. मी ल्युबचोला तेव्हाच म्हटलं, बघ, हे आपले संस्कार!"

"खरंच की हो," बेकरीवाली म्हणाली.

"फुलदाणी फुटली तेव्हापासून तो असाच आहे."

रांगेत मागे दाचका उभी होती. तिचं तोंड कारल्यासारखं झालं होतं. "माझ्या देसीला दोन कधी मिळालेच नाहीत," ती कडवटपणे म्हणाली. "मग ती बिचारी प्रामाणिकपणा दाखवणार कुठे?"

नेवेनाने पाव घेतला. बोलायला तिच्याकडे भरपूर होतं, पण बोलण्याचा हक्क कालच अंगणात सांडला होता, हे तिला कळत होतं. ती घरी गेली.

सोमवारी तिने दोन लिहिले. बैठकीत सहकाऱ्यांपैकी कोणी तिच्याकडे बघितलं नाही, म्हणजे सगळ्यांना ठाऊक होतं. 'दोनबाई' हे नाव आता गावात वेगळ्या सुरात घेतलं जाणार, आणि ते तिला पूर्वीसारखं आवडणार नाही.

संध्याकाळी मोमचिल आला. हातात गणिताचं पुस्तक, वर्षभरात न उघडल्यामुळे अजून नवंकोरं. केसांना तेल नव्हतं.

"फेरपरीक्षा आहे," तो म्हणाला. "कुठून सुरुवात करू, आत्या?"

"तुझ्या आईला माहीत आहे का इथे आलायस?"

"तिने गावभर सांगितलंय, मी आपण होऊन आलो म्हणून."

"आणि आपण होऊन आलायस?"

"हो. पण तिने आधी सांगितलं, म्हणून येताना लाज वाटत होती."

नेवेनाने खुर्ची पुढे सरकवली, त्याच्यासमोर कोरा कागद ठेवला आणि सातवीतल्या पोरालाही यावं असं एक समीकरण घातलं. मोमचिलने जीभ दातांत धरली, बराच वेळ खोडाखोड केली आणि शेवटी कागद तिच्याकडे ढकलला.

तिने बघितलं.

"दोन," ती म्हणाली.

"वाटलंच मला," मोमचिल म्हणाला, आणि कागद परत आपल्याकडे ओढला.