ओळीतल्या कोऱ्या जागा

चाचांनी चर्मपत्र उचलून खिडकीसमोर धरलं आणि दोन शब्दांमधल्या कोऱ्या जागेवरून अंगठा फिरवला. अंगठा कुठे अडला नाही. मग त्यांनी नाक जवळ नेलं, कारण कातडीच्या बाबतीत त्यांचा डोळ्यांपेक्षा नाकावर जास्त भरवसा होता. चरबीचा वास येत नव्हता. तरी जागा कोरी होती. एका शब्दाएवढी. पुढे मजकूर नीट चालू, दोन ओळी खाली पुन्हा तशीच जागा. चांगल्या बत्तिशीतले मधलेच दात पडावेत तसं ते पान दिसत होतं.

"शाई धरली नाही का रे?" त्यांनी विचारलं. "माझ्याकडून तेल राहिलं असेल तर सरळ सांग."

लेखनिकांचा मुलगा मोरीपाशी टाक धूत होता. तो चौतीस वर्षांचा होता आणि बापाचं अक्षर हुबेहूब त्याच्या हातात उतरलं होतं. पवित्र ग्रंथाची गुंडाळी हाताने लिहून काढायला दीड वर्ष लागतं. ती आता शेवटच्या दोन पानांवर आली होती. आठ दिवसांनी प्रार्थनागृहातली मंडळी ती न्यायला येणार होती. पानं एकमेकांना शिवण्यासाठी लागणारी, जनावराच्या शिरांची तात घेऊन चाचा आज आले होते, आणि हात स्वस्थ बसत नसल्यामुळे त्यांनी टेबलावरचं पान उचललं होतं.

"तुमच्या कातडीत काही नाही, चाचा," मुलगा म्हणाला.

"मग या जागा?"

"तिथे नाव येतं."

"कुणाचं?"

"त्याचं."

चाचांनी पान खाली ठेवलं. ठेवताना आपण दोन्ही हात वापरले, हे त्यांच्या नंतर लक्षात आलं.

चाचा मुसलमान, लेखनिक ज्यू. तीस वर्षं एकाने कातडी कमवायची आणि दुसऱ्याने तिच्यावर लिहायचं, असं चाललं होतं. लोक पैसा कमावतात, मी कातडं कमावलं, असं चाचा हसत सांगत. ज्यूंच्या नियमाप्रमाणे त्या कातडीला पहिला हात त्यांच्यातल्या कुणाचा तरी लागावा लागे. म्हणून दर खेपेला लेखनिक चाचांच्या आवारात येत, कातडं स्वतःच्या हातांनी चुन्याच्या टाक्यात सोडत आणि सोडताना मोठ्याने म्हणत, की हे मी ग्रंथाच्या पावित्र्यासाठी करतो आहे. ते वाक्य चाचांना इतकं पाठ झालं होतं, की मधूनमधून बकरीचं साधं कातडं भिजवतानाही त्यांच्या ओठांवर यायचं.

"देवाचं नाव लिहिण्याआधी दरवेळी तसंच एक वाक्य म्हणावं लागतं," मुलगा म्हणाला. "मोठ्याने. ते म्हणवत नाही."

"घसा धरलाय?"

"घसा चांगला आहे."

चाचा स्टुलावर बसले. स्वभावाने ते चौकस होते. आपल्याला राग येतो की काय, हे त्यांनी क्षणभर थांबून पाहिलं. राग येत नव्हता. प्रश्न मात्र रांगेत उभे होते.

"कुणाशी भांडण झालं? बायको काही बोलली?"

"नाही."

"मग एकदम असं?"

"एकदम नाही." मुलाने टाक पुसून कपड्यावर आडवा ठेवला. "सहा महिन्यांपूर्वी बाबांच्या ऐवजी तुमच्याकडे कातडं सोडायला आलो होतो आणि तसाच परत गेलो. म्हटलं, उद्या बाबांना घेऊन येतो. आठवतं?"

चाचांना आठवत होतं. त्यांना तेव्हा वाटलं होतं, चुन्याचा वास सोसला नसेल.

"तेव्हा नुसता प्रश्न होता. प्रश्न घेऊन लिहिता येतं, मी लिहिलंही. तीन आठवड्यांपूर्वी त्याचं उत्तर झालं. मला आता तिथे कुणी आहे असं वाटत नाही, चाचा."

त्या खोलीत, त्या टेबलापाशी हे वाक्य बोललं गेलं, आणि भिंतीवरचं घड्याळ आपलं चालतच होतं. चाचांनी पानाकडे पुन्हा पाहिलं.

"मग बाकीचे शब्द कसे लिहिलेस?"

"हाताला माहीत आहेत," मुलगा म्हणाला.

जिन्यावर काठी वाजली. लेखनिक दुपारी वरून खाली येत आणि तासभर झालेलं काम तपासत. दोन वर्षांपूर्वीच्या आजारपणापासून त्यांचा उजवा हात कापत असे. तेव्हापासून लिहिण्याचं काम मुलाकडे आलं होतं. त्यांनी चाचांना मान डोलावली, खुर्ची ओढली आणि भिंग डोळ्याला लावलं. भिंग पहिल्या ओळीवरून सरकलं, दुसऱ्या ओळीत थांबलं, चौथ्यात थांबलं. मग ते फार वेळ एकाच जागी राहिलं.

"कातडीत तेल राहिलं का रे?" त्यांनी चाचांना विचारलं.

तीस वर्षांत चाचांचं एकही कातडं परत आलं नव्हतं. आता एक 'हो' म्हटलं असतं, तर पान त्यांनी परत नेलं असतं, घासायला म्हणून चार दिवस ठेवून घेतलं असतं, आणि तेवढ्यात बापलेकांना काही तरी सुचलं असतं. ते 'हो' त्यांच्या जिभेच्या शेंड्यावर येऊन बसलं. त्यांनी मुलाकडे पाहिलं.

"कातडीत काही नाही, बाबा," मुलगा म्हणाला. "जागा मी सोडल्यात."

आणि त्याने चाचांना सांगितलं तेच सगळं पुन्हा सांगितलं, फक्त थोडक्यात. चाचा उठायला लागले, तर लेखनिकांनी त्यांच्याकडे न पाहताच हात पुढे केला.

"बस. कातडं तुझं आहे, तूही यातला आहेस."

चाचा बसले. लेखनिकांनी भिंग डबीत घातलं. डबीचं झाकण लागेना. हात कापत होता. कुणी मदतीला पुढे झालं नाही. अखेर ते लागलं.

"आमच्या प्रार्थनागृहाचे अध्यक्ष काय म्हणतील, ते आत्ताच सांगतो," ते म्हणाले. "म्हणतील, ओठांनी म्हण आणि लिहून मोकळा हो. मनात कोण डोकावून बघतंय."

"तुम्ही काय म्हणता?"

लेखनिकांनी काठी खुर्चीला टेकवली. बोलले ते चाचांकडे वळून, जणू त्यांनीच विचारलं होतं.

"डोंगरापाशी आमचा करार झाला ना देवाशी, तेव्हा तो डोंगर उचलून आमच्या डोक्यावर धरला होता, असं आमचे जुने जाणते सांगतात. उपड्या पिंपासारखा. देव म्हणाला, हा ग्रंथ घेतलात तर ठीक, नाहीतर इथेच तुमची माती."

"बाप रे," चाचा म्हणाले. "मग?"

"मग त्या जाणत्यांपैकीच एकाने विचारलं, की अशा दमदाटीचा करार बांधतो का कुणाला?"

"त्याला गप्प केलं असेल."

"नाही ना. म्हणाले, बरोबर आहे तुझं. पण पुढे किती तरी पिढ्यांनी, डोक्यावर कसलाही डोंगर नसताना, आमच्या लोकांनी आपणहून पुन्हा हो म्हटलं. ते हो खरं." लेखनिक आता मुलाकडे वळले. "तुझ्या डोक्यावरचा डोंगर मी आहे का?"

मुलाने टेबलावरचा टाक कपड्यात गुंडाळला.

"थोडा."

"थोडा म्हणतोस ते माझ्या वयाकडे बघून."

मुलगा किंचित हसला आणि हसता हसताच त्याने तोंड फिरवलं. चाचांनी तातीचं बंडल उगाच सोडलं आणि पुन्हा गुंडाळलं.

"ही दोन्ही पानं बाजूला काढावी लागणार," लेखनिक म्हणाले. "नुसती नावं भरून भागणार नाही. मानत नसलेल्या हाताने लिहिलेले बाकीचे शब्दही चालत नाहीत."

"माहीत आहे, बाबा. मी थांबायलाच हवं होतं. पण धीर झाला नाही. जागा सोडत गेलो, म्हटलं तुम्हाला दिसतील तेव्हा दिसतील."

"दोन नवी कातडी लागतील." हे चाचांना होतं.

"देईन. पण लिहिणार कोण?"

लेखनिकांनी उजवा हात टेबलावर ठेवला. तिघेही त्या हाताकडे बघत राहिले.

"कापतोय तो," चाचा म्हणाले.

"कापू दे. अक्षर वाचता आलं की झालं."

"आणि मंडळींना काय सांगायचं?"

"लांबलं म्हणून सांगेन. का लांबलं, ते ज्याचं त्याने सांगावं, त्याला वाटेल तेव्हा." ते काठी टेकून उठले आणि मुलाला म्हणाले, "उद्या सकाळी मला यांच्या टाक्यापर्यंत घेऊन जाशील?"

"नेईन की."

दुसऱ्या दिवशी बापलेक चाचांच्या आवारात आले. लेखनिकांनी मुलाच्या दंडाला धरलं होतं. टाक्यांकडे जाणाऱ्या फाटकाशी ते थांबले.

"तू इथे बाहेर बसलास तरी चालेल, आत आलास तरी चालेल."

मुलगा आत आला आणि पाण्याच्या नळापाशी उभा राहिला.

चाचांनी निवडून ठेवलेलं वासराचं कातडं लेखनिकांच्या हातात दिलं. ओलं कातडं जड असतं. त्यांनी ते दोन्ही हातांनी टाक्यावर धरलं. नेहमी वाक्य आधी येई आणि कातडं मागोमाग पाण्यात जाई. दोन्हींत श्वासाचंही अंतर नसे. आज वाक्य आलंच नाही. कातड्यातून पाणी ठिबकत राहिलं. चाचांना वाटलं, म्हातारा विसरला. पहिला शब्द सुचवावा म्हणून त्यांनी तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. लेखनिकांचा चेहरा विसरलेल्या माणसाचा नव्हता. रोज ज्या दारावरून जातो ते दार आज ठोठावून, आतून कुणी येतंय का याची वाट बघत उभ्या असलेल्या माणसाचा होता. तीस वर्षं त्यांनी इथे ते वाक्य म्हटलं होतं. किती वेळा, ते देवालाच ठाऊक.

हात आता खांद्यापासून थरथरायला लागले होते. मुलगा एक पाऊल पुढे आला आणि थांबला.

मग लेखनिक बोलले. हळू, एकेक शब्द सुटा करून. कुणीतरी आत्ताच काही विचारलं आणि त्याला उत्तर द्यावं, तसं. कातडं पाण्यात गेलं, पांढरे बुडबुडे वर आले. दुसऱ्या कातड्याच्या वेळीही त्यांना तितकाच वेळ लागला.

नंतर तिघे फळीवर बसून चहा प्यायले. मुलाने विचारलं,

"तुमच्याकडे असा डोंगर आहे का, चाचा?"

"आमच्याकडे त्याच्याही आधीचं आहे. जन्माच्या आधीचं." चाचांनी कप बाजूला ठेवला. "सगळ्या आत्म्यांना एकत्र उभं केलं आणि विचारलं, मी तुमचा पालनकर्ता नाही का? सगळे म्हणाले, आहेस. मी होतो त्यात, हे होते, तूही होतास."

"तुम्हाला आठवतं?"

"कुठलं! लहानपणी डोळे मिटून किती वेळा प्रयत्न केला. काही दिसायचं नाही. पण कधी कधी कुणी काही फार खरं बोललं, की वाटतं, हे आपण आधी ऐकलंय. तेवढंच हातात आहे."

"मी मागच्या रांगेत असेन," मुलगा म्हणाला. "मला ऐकू आलं नसेल."

लेखनिक मोठ्याने हसले. इतके, की चहा सांडला. मुलाने त्यांच्या हातातून कप घेतला, पुसला आणि परत दिला.

"आणि धर्मात जबरदस्ती नाही, हेही आम्हाला सांगितलेलं आहे," चाचा हसत म्हणाले. "घरात चालते तेवढीच."

हे त्यांनी गमतीत म्हटलं होतं. पण बापलेक गेल्यावर टाकं ढवळताना ते वाक्य त्यांच्याबरोबर आवारात राहिलं. कातडं खाली दाबताना, फळी धुताना, फाटकाला कडी घालताना ते तिथेच होतं.

संध्याकाळी ते घरी आले, चपला काढल्या आणि खिडकीजवळच्या खुर्चीत बसले. मुलगी औषधाच्या दुकानातलं काम संपवून त्यांच्या आधीच आली होती. आत तिच्या भांड्यांचा आवाज येत होता. आई गेल्यापासून, म्हणजे अकरा वर्षं, दोघांचंच घर होतं. या वेळेला खुर्चीतूनच चाचा हाक मारून विचारत, "नमाज झाली का?" आणि आतून उत्तर येई, "झाली, अब्बा." उत्तर कधी उशिरा आलं नाही, कधी चुकलं नाही. ते नमाजेला होतं की आपल्याला, हा प्रश्न चाचांना आजवर पडला नव्हता.

आजही शब्द ओठांवर आले. त्यांनी ते तिथेच धरून ठेवले. आतला आवाज थांबला. तीही थांबली असावी.

"अब्बा?"

"काय गं?"

"काही नाही. आज काही विचारलं नाहीत, म्हणून."

"नाही विचारलं."

ती दारात आली. हात ओले होते. तिने त्यांच्याकडे नीट बघितलं, तब्येत बघतात तसं.

"बरं आहे ना?"

"बरं आहे. तू दमली असशील. तुझं तुझ्या मनाप्रमाणे चालू दे."

ती आणखी थोडा वेळ उभी राहिली. पदराला हात पुसून ती आत गेली. चाचांनी डोकं मागे टेकलं. थोड्या वेळाने आत नळ सुटल्याचा आवाज आला. पाणी सावकाश, थांबत थांबत पडत होतं. ती नमाजेआधी हातपाय धूत होती की कपबशा विसळत होती, हे बसल्या जागेवरून कळत नव्हतं. चाचांना फार उत्सुकता वाटली. पण ते उठून बघायला गेले नाहीत.