सोनचाफ्याभोवतीचा मुरूम

पानाच्या टोकापासून सुरू झालेला तपकिरी रंग आता देठाजवळ पोचला होता. क्रांतीनं वहीतली पट्टी पानावर धरली. गेल्या सोमवारी चार सेंटिमीटर हिरवं उरलं होतं, आज दीड. पान सोडताना ते कागदासारखं वाजलं. झाडावर अशी वीसेक पानं होती. बाकीची खाली, प्लास्टिकच्या हिरवळीवर.

कसबा बावड्यातल्या या बंगल्याचं परसू क्रांतीनंच आखलेलं. वनस्पतिशास्त्रात एम.एस्सी. करून ती या धंद्यात पडली, त्याला सहा वर्षं झाली होती. हल्ली लोकांना बाग नको असते, घराबाहेर आणखी एक हॉल हवा असतो. लाकडी डेक, त्यावर पर्गोला म्हणजे लाकडी पट्ट्यांचा मांडव, कडेला स्वयंपाकाचा ओटा. बंगल्याचा मालक गुरुप्रसाद, त्यानं मोबाइलवर फोटो दाखवून एकच अट घातली होती: काचेचं दार सरकवलं की पायरी उतरायला लागू नये.

त्यासाठी परसात दोन फूट मुरूम भरून रोलर फिरवला. सोनचाफ्याभोवती चार फुटांचं आळं मोकळं ठेवायचं, असं क्रांतीनं नकाशावर स्वतः लिहिलं होतं. गुरुप्रसाद म्हणाला, "मॅडम, मधीच खड्डा बरा दिसंना," आणि तिनं चाराचा एक फूट केला. तोही मुरूम घसरून बुजला. मुळांनाही हवा लागते, हे तिला कुणी सांगायची गरज नव्हती.

काम संपल्यावर आठवड्याभरानं, फेब्रुवारीत, गुरुप्रसादच्या आईनं, माईंनी, तिला सहज सांगितलं होतं. धाकटा मुलगा विश्वजित नऊ वर्षांपूर्वी हायवेवर अपघातात गेला. रक्षा नदीत सोडायची नाही, खड्ड्यात घालून वर झाड लावायचं, अशी त्यांच्या भावकीची रीत. ते झाड म्हणजे हा सोनचाफा. त्याच दिवशी क्रांतीला कोवळी पानं माना टाकलेली दिसली होती. तेव्हा मुरूम उपसला असता, तर झाड वाचलं असतं. पण मग चूक कुणाची, तेही निघालं असतं. आज सांगायचंच, असं ठरवून ती दर खेपेला उचगावच्या आपल्या घरून निघायची आणि फाटकाशी आली की पुढच्या खेपेवर ढकलायची.

"आलीस व्हय पोरी?" माई बादली घेऊन आल्या. "सकाळपास्नं दोन घातल्या. तरी तोंड पाडूनच बसलंय."

पाणी नको म्हणावं, तर का नको तेही सांगावं लागलं असतं. क्रांतीनं वहीत दीडचा आकडा लिहिला.

गुरुप्रसाद फोन कानाला लावूनच बाहेर आला. "मॅडम, रविवारी यायचं की! पन्नास माणूस हाय. बार्बेक्यूचं उद्घाटन."

"चुलीवरचंच मटण की रं ते," माई म्हणाल्या, "नुसतं बूट घातलेलं."

"आई, गप की! ह्यो फोनवरचा बाळासो तर इचारतोय, तुझ्या डेकवर चप्पल काढायची का तिकीट काढायचं?" तो मोठ्यानं हसला. "तेवढं झाड हिरवं करा बघू, मॅडम. फोटोत वाळकं दिसतंय." आणि बोलत बोलत आत गेला.

माई खाली बसल्या. "दरसाल पहिलं फूल विश्वाच्या फोटोला घालते. औंदा मे संपत आला, एक कळी न्हाई."

क्रांतीनं नखानं फांदीची साल खरवडली. आत ओलसर हिरवं लागायला हवं होतं. कोरडं तपकिरी लागलं. खालची फांदी, मग खोड; तिथंही तेच. ती गुडघ्यावर बसली आणि बुंध्यालगतचा मुरूम हातांनी उकरला. गाडलेली साल बोटानं दाबताच दबली आणि आंबूस वास आला.

"काय सापडलं?" माईंनी विचारलं. "बरं हुईल न्हवं?"

फेब्रुवारीत ती "होईल" म्हणाली होती. मार्चमध्ये "थोडा वेळ लागेल." एप्रिलमध्ये तिनं औषधाची बाटली आणून दिली होती. तिचा उपयोग नाही हे ठाऊक असूनही, किती झाकणं घालायची ते माईंना नीट समजावलं होतं. आताही शब्द जिभेवर तयार होता.

माईंनी बादली कलती केली. पाणी मुरमावर साचलं आणि तिथंच राहिलं. त्यात एक वाळकं पान तरंगत होतं. माईंनी ते उचललं, पदराला पुसलं आणि बाजूला ठेवलं.

क्रांतीनं मातीच्या हातानं त्यांचं मनगट धरलं.

"माई, पाणी घालू नका. झाड मेलंय. मुरूम मीच भरायला लावला, त्यानं ते गुदमरलं. आणि मला हे फेब्रुवारीतच कळलं होतं."