हुंबर आणि डुम

शाळेतून निवृत्त झालो तरी शिकवण्याची हौस गेली नाही, म्हणून बजाजनगरात आमच्या ओट्यावर संध्याकाळी मुलं जमतात. त्या दुष्काळी उन्हाळ्यात त्यांच्यात मोनिका आली. गावची विहीर आटली, तशी तिची आई सरूबाई कामासाठी तिला घेऊन शहरात आली होती.

मोनिकानं तोंड उघडलं की त्या मुलांमधला सुयश ओरडायचा, "स्किबिडी!" आणि सगळे खिदळायचे. उत्तर चुकलं तरी स्किबिडी, बरोबर आलं तरी स्किबिडी.

एक दिवस सरूबाई आली. "गुरुजी, रविवारी माझा भाऊ येतोय. पोरगी म्हणती, हितं पोरं हसतेत, मी मामासंगं गावाला जाते. तिथली शाळा चौथीपस्तोर. पुढं काय?"

मी मुलांसमोरच विचारलं, "सुयश, स्किबिडी म्हणजे काय रे?"

"काहीच नाय, सर!"

"मग हसता कशाला?"

"अर्थ नाय म्हणूनच तर! मोबाइलवर सगळेच म्हणतात. तुम्ही अर्थ विचारला, आता मजाच गेली."

मोनिका माझ्या कानाशी आली. "खोटं बोलतेत. शिवी असंल ती."

मी परोपरीनं समजावलं. तिला पटेना.

तेवढ्यात कोपऱ्यावर टँकर आला. आमच्या अरुंद गल्लीत तो शिरत नाही, म्हणून सगळे रांगेनं उभं राहून बादल्या हातोहात पुढं देतात. मुलांनीही रांग धरली. बादल्या हिंदकळू लागल्या, सुयश गुडघ्यापर्यंत भिजला.

"असं नसतंय!" मोनिका एकदम ओरडली. "देणाऱ्यानं म्हणायचं हुंबर, घेणाऱ्यानं म्हणायचं डुम. आमच्या गावात असंच पाणी भरतेत."

हुंबर, डुम. हुंबर, डुम. रांगेला लय आली, पाणी सांडायचं थांबलं.

"लई भारी!" सुयश म्हणाला. "पण हुंबर म्हणजे काय गं?"

"म्हंजी..." मोनिका अडली. "म्हंजी... काहीच नाय!" आणि फिसकन हसली. "तुमचं स्किबिडी असंच व्हय रं?"

"सेम टू सेम!"

रविवारी मामा आला, तेव्हा ती ओट्यावर पाढे म्हणत होती.

"चल की, एसटी निघंल."

"तू जा, मामा. मी दिवाळीला येते."

मामाचा चेहरा पडला. "पोरांनो, काय जादू केली रे हिच्यावर?"

सुयशनं ओट्यावरचा भरलेला तांब्या त्याच्यापुढं धरला. "हुंबर!"

"डुम!" मामा सवयीनं बोलून गेला, आणि तांब्या हातात घेऊन मुलांच्या आधी तोच हसायला लागला.